एकच क्रियापद

झटका येऊन गेल्यावर अण्णांपाशी
एकच क्रियापद उरलं : घे.

चहा हवा, घे.
चहा नको, घेऽ, जरा लांबवून.
खिडकीच्या गजाला माकड लटकलं तरी घे.
टीव्ही बंद कर, उशी सरकव,
मी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून रडते आहे
हे त्यांना कळलं,
तेव्हाही तेच.

मंगळवारी आणि शुक्रवारी कारेलीबागेतून
फोरमबेन स्कूटीवर येतात, वाचा परत आणायला.
चित्रांचे पत्ते मांडतात : केळं, कंगवा, कात्री.
कात्रीवर बोट ठेवून अण्णा म्हणतात, घे.
त्या वाकतात, 'घेर? काका, घेर जवुं छे?'

नाही हो, घरीच आहेत ते.
हे आमचं मराठी. घेणे.
'एटले लेवुं?'
हो, लेवुं. म्हणजे अगदी तसं नाही.

अगदी तसं नाही, हे कसं समजवायचं?
दार लाव म्हटलं की दार लागतं, संपलं.
दार लावून घे म्हटलं
की एक जण बाहेर जातो, एक जण आत राहतो
आणि कडी आतून.
जेव म्हणणारा पाटाशेजारी बसलेला असतो.
जेवून घे म्हणणाऱ्याला
यायला उशीर होणार असतो.

आई रिक्षात बसताना म्हणाली होती,
दार लावून घ्या हो.
इस्पितळात एकच रात्र काढायची होती.
अण्णांनी लावून घेतलं.

चौतीस वर्षं ते गृहनिर्माण मंडळात,
वाटपाच्या टेबलावर. कागदोपत्री फाळवणी.
गोरव्याची घरं, हरणीची, मकरपुऱ्याची,
पत्र्याच्या डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या
आणि जवळच्या शाळेतलं एखादं पोर, हात घालायला.
'पागनीस घेतात का?'
भाजीवालीच्या पाटीपाशी लोक आईला हळूच विचारत.
या घेण्याला कर्म लागत नाही.
काय, ते मोकळं सोडलं की पैसे, नाहीतर दारू.
आई ताठ होऊन सांगायची, चहासुद्धा घेत नाहीत.
चहा ते घ्यायचे. दिवसाला सहा कप.

आणि हे घर
आम्ही घेतलं, असं आमच्यात कोणी म्हणालं नाही.
मिळालं, म्हणायचे.
निघालं. नंबर लागला.
ज्यांच्यात कुणाचा हात दिसत नाही
अशी क्रियापदं.
तळमजला, कोपरा, पूर्वेचं दार,
पुढे पेरू लावण्याइतकी माती.

त्या वर्षी शाळेला सुट्टी होती, पोर मिळेना,
म्हणून मला नेलं होतं. सातवीत होते.
डबा माझ्यापुढे धरून अण्णा म्हणाले, घे.
एक चिठ्ठी बोटांना जरा जाड लागली.
किंवा इतक्या वर्षांनी आता लागते आहे.

परवा मी त्यांच्या पायाला तेल चोळत होते.
त्यांनी माझं मनगट धरलं, चांगल्या हातानं,
दुखेल असं.
घे.
काय घेऊ, अण्णा? औषध? किल्ल्या? नाव कुणाचं?
मनावर घेऊ का अंगावर?
समजून घेऊ?
घे, म्हणाले. घे घे घे.
मग दमले.

फोरमबेन आज खूश आहेत.
वहीत त्यांनी लिहिलं, दरदी एक शब्द चोख्खो बोले छे : घेर.
मी दुरुस्त केलं नाही.
पत्ते गोळा करून, हेल्मेट चढवून
त्या पायरी उतरल्या, आणि वळून म्हणाल्या,
'बारणुं बंध करी लेजो, हं.'

करी लेजो.
म्हणजे होतं त्यांच्याकडेही.

स्कूटी पेरूच्या सावलीतून निघून गेली.
मी कडीवर हात ठेवून उभी.
आतून आवाज आला.